कंडक्टरचा पट्टा

निमगाव सावाच्या शाळेत अश्विनीकडे गुरुजींचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते १९९०च्या ऑगस्टात, आणि तेही गजकर्णामुळे. तोवर ती सातवीच्या वर्गातल्या बेचाळीस पोरांपैकी एक होती. दोन घट्ट वेण्या, अक्षर बरं, बोलणं कमी. त्या आठवड्यात वर्गातल्या सात पोरांच्या अंगावर गोल चट्टे उठले. मुख्याध्यापकांनी अख्खा वर्ग मैदानात बसवला, सातही जणांना झेंड्याच्या खांबाजवळ उभं केलं आणि ‘अंघोळ करत नाहीत’ असा ठपका सगळ्यांवर एकदमच ठेवून टाकला. तेवढ्यात अश्विनी उठली आणि म्हणाली, “गुरुजी, ह्यांची चूक न्हाई. पप्पूच्या वासराची हाये.”

वर्ग हसला. सगळ्यात जोरात पप्पू हसला, कारण दोष वासरावर जात असेल तर त्याला ते हवंच होतं. पण अश्विनीनं गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. त्यावर नावं होती आणि बाण होते. तोंडावर राखाडी चट्टे असलेल्या वासरापासून पप्पूकडे बाण. पप्पूकडून त्याच्या बाकावरच्या दोघांकडे. त्या दोघांकडून, ज्याची टोपी सगळे आळीपाळीनं घालत त्याच्याकडे. शेवटचं, आठवं नाव तिचं स्वतःचं होतं. तिनं बाही वर सारून कोपराजवळचा चट्टा दाखवला आणि मुकाट्यानं जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

गुरुजींनी त्या दिवशी आठही जणांना मलम लावायला पाठवलं आणि नवव्या निरोपात पप्पूच्या बापाला वासरू घेऊन ढोरांच्या दवाखान्यात जायला सांगितलं. वासरू बरं झालं, पोरंही झाली.

बारावीला तिला चांगले मार्क पडले तेव्हा घरात दोन तट पडले. वडील सावळारामभाऊ म्हणत, डी.एड. कर, गावातच मास्तरीण हो, उन्हाळ्याची सुटी हक्काची. आई कुशाबाई म्हणे, पोरीला इचारा की. पोरीला विचारलं तर तिनं शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म पुढं केला. चुलत्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला.

“ढोरांची डाक्टर? का गं, माणसांच्या जागा भरल्या व्हत्या का?”

“माणसं लई बोलत्यात,” अश्विनी म्हणाली.

चुलत्यानं फॉर्म सुलटा करून तिच्या हातात परत दिला.

पाच वर्षं शिरवळला काढून ती २००२ मध्ये आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्यात एका सरकारी दवाखान्यावर रुजू झाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर गाय अडकवायचा लोखंडी खोडा, आणि गेणभाऊ. गेणभाऊ तिथले परिचर. नोकरी संपायला चार वर्षं उरलेली, आणि आजवर आलेल्या सगळ्या डॉक्टरांच्या खोडी त्यांना तोंडपाठ. पहिल्या दिवशी एक शेतकरी गाय घेऊन आला आणि दारातूनच विचारू लागला.

“डाक्टर कुठं हायेत?”

“मीच.”

“न्हाई, मोठे डाक्टर?”

“ते पण मीच.”

शेतकऱ्यानं गेणभाऊंकडे पाहिलं. गेणभाऊंनी मान हलवली, म्हणजे खरं आहे, इलाज नाही. तासाभरानं अडलेलं वासरू बाहेर आलं, चारी पायांवर धडपडत उभं राहिलं, आणि तो प्रश्न त्या गावापुरता मिटला.

काम सारं गाई-म्हशींचं. कृत्रिम रेतन, लसी, पोटफुगी. कुत्र्यांना त्या दवाखान्याच्या रजिस्टरात नुसता एक रकाना होता आणि तो बहुतेक कोराच असे. म्हणूनच दिवाळीच्या सुमारास लंकाबाई दोरीला कुत्रा बांधून आली, तेव्हा गेणभाऊंनी रजिस्टर उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

लंकाबाई मूळची आहुप्याकडची, डोंगरातली. नवरा गेल्यावर ती इकडे एका बागायतदाराच्या मळ्यावर राखणीला आली आणि तिथंच रुळली. मळा एस.टी.च्या रस्त्याला लागून, तिन्ही बाजूंनी ऊस. सोबतीला दोन कुत्री. त्यातली म्हातारी कुत्री साहेबीण. ती उठायची ती फक्त जेवायला. आणि दुसरा हा, तांबडा, उंच, कान मोडका. त्याचं नाव कंडक्टर. कारण मंचरची गाडी आली की तो तिच्यामागं फर्लांगभर धावायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला हुंगून मगच वाट मोकळी करायचा.

कंडक्टरच्या मानेवरचे केस गेले होते. कातडी लाल, ओली, जाड झालेली. तो बसल्या बसल्या मागच्या पायानं मान खाजवी आणि खाजवताना कण्हे.

“खरूज,” गेणभाऊ लांबूनच म्हणाले.

“खरूज,” अश्विनीही म्हणाली. तिनं इंजेक्शन दिलं, धुवायचं औषध दिलं, आणि मानेचा पट्टा पंधरा दिवस काढून ठेवायला सांगितला.

हे ऐकून लंकाबाईचा चेहरा पडला. तिकडच्या कुत्र्यांचा पट्टा म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे. जाड रबराची पट्टी, तिच्यातून बाहेर आलेले बोटभर खिळे. बिबट्या कुत्र्याला मानेलाच धरतो. खिळे तोंडात घुसले की सोडतो. त्या वर्षी उसातून बिबटे इतके निघत होते की एका वाडीवर कुत्रं म्हणून उरलं नव्हतं.

“डाक्टरीणबाई, पट्टा काढला तर हा ऱ्हाईल का?”

“पंधरा दिवस घरात झोपव.”

“घरात? त्याच्या आधी साहेबीण झोपती तिथं. दोघं भांडत्यात.”

तरी तिनं ऐकलं. पंधरा दिवसांत मान कोरडी पडली, केसांची लव दिसू लागली. लंकाबाईनं दवाखान्यात शेंगांची पिशवी आणून ठेवली आणि कंडक्टरला पुन्हा पट्टा घातला. तीन आठवड्यांनी ती परत आली. मान पहिल्यापेक्षा वाईट.

पुन्हा इंजेक्शन, पुन्हा पट्टा बाहेर, पुन्हा आराम. पट्टा घातला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लंकाबाई एकटी आली नाही. तिच्यासोबत शेजारच्या मळ्यावरची बयाबाई आली होती, गंमत बघायला.

“तुमचं औषध चांगलं हाये बाई,” बयाबाई म्हणाली, “पण मोबाईलच्या कार्डावानी हाये. मुदत संपली की परत भरायचं.”

बाहेर गाई घेऊन बसलेले चार जण खो खो हसले. अश्विनीही हसली, पण तिचे कान तापले. त्यापेक्षा जड होतं ते लंकाबाईचं पुढचं बोलणं, आणि ते तिनं हसता हसता म्हटलं नव्हतं. “परवा बयाच्या मळ्यावरलं कुत्रं नेलं. मला एक सांगा. ह्याची मान वाचवायची का ह्याला वाचवायचं? दोन्ही व्हत नसंल तर तसं सांगा. मी पट्टा घालती आन् हळद लावती.”

“आठ दिवस दे,” अश्विनी म्हणाली.

दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक होता. दरवर्षी खंडेनवमीला गेणभाऊ त्याला हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि पुन्हा कपाटात बंद करायचे. त्यातून कुणी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, कारण उजेड वर फेकणारा त्याचा आरसाच हरवला होता. अश्विनीनं पावडरच्या जुन्या डबीतला आरसा काढून मेणानं तिथं चिकटवला. कंडक्टरच्या मानेची कातडी हलक्या हातानं खरवडली, काचेवर घेतली, आणि दुपारभर पाहिली. खरजेचा किडा दिसेना. दुसऱ्या दिवशी परत खरवडली. नाही.

“नसंल तर बरंच हाये की,” गेणभाऊ म्हणाले.

“गेणभाऊ, मी दोन वेळा ज्या रोगाचं औषध दिलं तो रोगच नाही.”

“मग बरा कसा व्हायचा?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला आणि चहा टाकायला गेले. अश्विनी मात्र तिथंच बसून राहिली. बरा कसा व्हायचा? औषधानं नव्हे. मग औषधासोबत दर वेळी आणखी काय होत होतं? पट्टा निघत होता.

ती तशीच मळ्यावर गेली. पण पाहते तो साहेबिणीच्या गळ्यातही तसाच पट्टा. एकाच टायरातून कापलेला, एकाच लोहारानं खिळे मारलेला, आतून लंकाबाईनं एकाच जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर शिवलेला. आणि साहेबिणीची मान लोण्यासारखी. पट्ट्यानं झालं असतं तर दोघांना झालं असतं. अश्विनीनं पट्ट्यावर मनातल्या मनात फुली मारली. फुली मारली तरी जाताना कंडक्टरचा पट्टा तिनं मागून घेतलाच. खिळे गंजले असतील तर तेवढं तरी पाहू, म्हणून.

शनिवारी ती पट्टा घेऊन निमगाव सावाला घरी गेली. अंगणात सावळारामभाऊंनी पकडीनं खिळे हलवून पाहिले, पक्के होते. अस्तराच्या मानेकडच्या बाजूला एक काळा चिकट डाग होता. कुत्र्याच्या कुठल्याही जखमेवर ट्रॅक्टरचं जळकं ऑईल चोपडायची त्या भागाची रीत, तेव्हा अश्विनीला वाटलं, हे ऑईलच असणार. तिनं बसून तो डाग घासला. बाप धरी, लेक घासी. डाग काही गेला नाही.

सोमवारी तिच्या उजव्या मनगटाला खाज सुटली. मंगळवारी तिथं लाल पुरळ आलं, बुधवारी पाण्याचे फोड. ती मनगट सूक्ष्मदर्शकाजवळ धरून विचार करू लागली, कुत्र्यापासून माणसाला काय काय होतं ते एकेक आठवू लागली, पुस्तकं काढली. गुरुवारी रजा टाकून घरी गेली. कुशाबाई भाकरी थापत होती. तिनं पोरीच्या हाताकडे एकदाच पाहिलं.

“बिबा कुठं हाताळलास गं अश्वे?”

“मी कुठं बिब्बा...”

“मग ह्यो काय? उतलाय बिबा. तुला ल्हानपणी पण उतला व्हता, कापडावर नाव घालाया घेतला तवा. विसरलीस?”

पाच वर्षांचं कॉलेज, दोन दिवसांचं खरवडणं आणि तीन जाड पुस्तकं एका बाजूला. आणि पिठाचे हात न धुता कुशाबाईनं केलेलं निदान दुसऱ्या बाजूला. अश्विनीनं पट्टा घेतला आणि अस्तराची शिवण उसवली. आत, रबराला चिकटून, चेंगरून चपटा झालेला एक बिब्बा होता. त्याचं काळं तेल लुगड्यातून पाझरून बाहेर आलं होतं.

आता सारं उघड होतं, म्हणजे एक गोष्ट सोडून. ती पुढच्या एस.टी.नं मळ्यावर पोहोचली आणि लंकाबाईसमोर पट्टा ठेवला.

“हे काय आहे?”

“बिबा,” लंकाबाई म्हणाली, जणू कुणी विचारलं होतं हे दगड आहे का. “दिष्ट लागू नये म्हणून. रस्त्याचा मळा, येणारा-जाणारा बघतो. माझा कंडक्टर देखणा हाये. भिका आणून देतो आहुप्यावरनं. भिका म्हंजी माझा भाऊ.”

“आणि दर वेळी पट्टा परत घालताना...”

“नवा घालती की! मान बिघडली म्हंजी जुन्याचा जोर सरला. हो का न्हाई?”

अश्विनीनं डोळे मिटले. जितकी मान बिघडे तितका लंकाबाईचा जीव तुटे, जितका जीव तुटे तितका ताजा बिब्बा. सगळं दुखणं मायेनं, टाके घालून, आतून शिवलेलं होतं.

“आणि साहेबिणीला?”

“तिला न घालून चालंल? ती काय सावत्र हाये?”

साहेबिणीच्या पट्ट्याची शिवण उसवली. आत तसाच बिब्बा, तसंच काळं तेल. आणि साहेबीण एक डोळा उघडून, कुणी जेवण आणलं आहे का ते पाहून, पुन्हा झोपली. तिच्या कातडीला त्या तेलाचं काहीही वाटत नव्हतं.

तिथं ओट्यावर बसून अश्विनीला घरचं अंगण आठवलं. बाप धरी, लेक घासी. एकच पट्टा, एकच डाग. लेकीच्या हाताला फोड, आणि सावळारामभाऊ तर आयुष्यभर बिब्ब्यातल्या गोडंब्या फोडून खात आलेले, त्यांना कधी काही झालं नाही. तिनं विचारायला हवं होतं ते वेगळंच. पट्टा वाईट आहे का, हा प्रश्नच नव्हता. हा पट्टा ह्या अंगाला सोसतो का, हा होता. प्रत्येकाच्या अंगात एक राखणदार असतो. साहेबिणीचा राखणदार बिब्ब्याला ओळखीचा समजून जाऊ देतो, कंडक्टरचा मात्र त्याच्यावर धावून जातो आणि त्या झटापटीत स्वतःच्याच घराची नासधूस करतो.

हे तिनं लंकाबाईला सांगितलं तेव्हा लंकाबाईला ते लगेच पटलं. “त्याचा सोभावच तसा हाये. एस.टी.वर धावतो ते काय कामाचं हाये का?”

पटलं खरं, पण बिब्बा काढायला ती तयार होईना.

“उघडाच ठेवू का त्याला? दिष्ट लागली म्हंजी? मग बिबट्या येतो तो काय वाट चुकून?”

अश्विनी वाद घालायच्या बेतात होती. अंधश्रद्धा, विज्ञान, शिरवळला शिकवलेलं सारं ओठावर आलं होतं. पण तीन महिन्यांत ती दोन वेळा चुकली होती, आणि चुकलेल्या माणसाला भाषण करताना जरा जड जातं. ती म्हणाली, “मावशी, दृष्ट आधी कुठं पोहोचते? दारावर का कुत्र्यावर?”

लंकाबाईनं विचार केला. “दारावर.”

“मग बिब्बा दाराला बांध. तिथंच अडेल.”

“दोन बांधीन.”

“दोन बांध.”

“तुमी बांधा. डाक्टराच्या हातचा असंल तर गुण येईल.”

अश्विनीनं सुजलेलं मनगट पुढं केलं. लंकाबाई ओशाळून हसली आणि बिब्बे स्वतःच बांधले. नवं लुगडं फाडून पट्ट्यांना नवं अस्तर घातलं, आणि मान कोरडी पडेस्तोवर आणखी दहा दिवस कंडक्टर घरात, साहेबिणीशी भांडत राहिला. मग पट्टा गळ्यात पडला. तीन आठवडे गेले. चार गेले. अश्विनी दर बुधवारी काही ना काही निमित्त काढून मळ्यावरून जाई आणि कंडक्टरच्या मानेत बोटं घालून बघे. केस दाट येत होते.

होळीच्या आधी एका सकाळी लंकाबाईचा निरोप आला, लवकर या. अश्विनी गाडी पळवतच गेली. अंगणात ऊस मोडलेला, मातीत मोठे पंजे उमटलेले. कंडक्टरच्या पट्ट्याचे तीन खिळे वाकले होते आणि खांद्याला एक ओरखडा होता. तो स्वतः रस्त्यावर होता. सकाळची गाडी आली होती आणि दोन बाया उतरायच्या होत्या. त्यांना हुंगून झाल्यावरच त्यानं ओरखड्यावर औषध लावू दिलं.

त्या दिवसानंतर अश्विनीच्या डोक्यात कातडीच बसली. रेतन चाले, लसी चालत, पण तिच्या टेबलावर वहीत कुत्री-मांजरांची पानं वाढू लागली. याला काय सोसत नाही, कधीपासून, घरात नवीन काय आलं. २००४ मध्ये तिनं पुढच्या शिक्षणासाठी बिनपगारी रजेचा अर्ज केला. खात्याच्या साहेबांनी तो वाचून चष्मा काढला.

“मॅडम, दुधाचं शिका, पैदाशीचं शिका. कुत्र्याची खाज हा काय विषय झाला?”

“साहेब, ज्याला सुटते त्याला विचारा.”

रजा मिळाली. दोन वर्षं ती पुन्हा विद्यार्थिनी झाली, वर्गात सगळ्यात मोठी. अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर का उलटते, हे तिथं तिला नावानिशी कळलं. राखणदाराची तिची गोष्ट तिनं परीक्षेत लिहिली नाही, पण तोंडी परीक्षेत चुकून सांगितली, आणि परीक्षक हसले.

२००७ मध्ये नोकरी सोडून तिनं नारायणगावात दोन खोल्यांचा दवाखाना घातला. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या पैशांवर उठलेल्या बंगल्यांतून तेव्हा भारी जातींची कुत्री शिरू लागली होती. पहिल्याच महिन्यात बाळासाहेब नावाचे एक बागायतदार आपलं लॅब्राडोर घेऊन आले. त्याचे कान आणि पंजे लाल. अश्विनीनं आठ आठवडे एकच एक खाणं लिहून दिलं, दुसरं काहीही नाही. तीन आठवडे झाले तरी फरक पडेना.

“बाळासाहेब, बाहेरचं काही दिलं?”

“अजाबात न्हाई.”

“घरातलं?”

“घरातलं म्हंजी... चहा. चहा खाण्यात धरायचा का?”

“चहात काय बुडवता?”

बाळासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. “खारी,” ती म्हणाली, “पण अर्धीच. अर्धी हे खात्यात.”

खारी बंद झाली आणि कुत्र्याच्या कानांची लाली उतरली. बाळासाहेबांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्या मार्केट यार्डात सांगितली, आणि त्यानंतर अश्विनीला पाटीवर ‘त्वचारोग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायची गरज उरली नाही. तिच्याकडे येणाऱ्या माणसाला औषधाच्या आधी पाऊण तास प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, अशी तक्रार मात्र पंचक्रोशीत आहे. कुत्र्याला कुठं झोपवता, फरशी कशानं पुसता, पट्टा कुणी शिवला, आतून काय आहे. काही जण वैतागून उठून जातात आणि पुढच्या आठवड्यात परत येतात.

अश्विनी आता नारायणगावातच राहते. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते दोन ती कातडीचेच पेशंट बघते, आणि गुरुवारी दुपारी डोंगरातल्या वाड्यांवरची कुत्री बघायला घोडेगावला जाते.